आई मला बोलली, की माझ्याशी बोलली?

दोस्तांनो, कशी झाली घटक चाचणी?

रागावू नका हं, परीक्षेचा विषय मुद्दामच काढलाय. इंग्रजीच्या पेपरात एक प्रश्न हमखास असतो : गाळलेल्या जागा भरा. आणि त्या रिकाम्या जागेत भरायचं काय असतं? तर एवढासा शब्द! 'इन', 'ऑन', 'ॲट', 'टू', 'फॉर', 'विथ', 'बाय'. लांबलचक स्पेलिंगं घडाघडा म्हणून दाखवणारी मुलंसुद्धा या प्रश्नापाशी आली की पेन चावायला लागतात. शेवटी डोळे मिटून बोट ठेवावं तसा कुठलातरी एक शब्द लिहितात आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतात. बरोबर आला तर नशीब, चुकला तर अर्धा मार्क गेला!

पण गोष्ट अर्ध्या मार्काची नाही. या एवढ्याशा शब्दांपायी कितीतरी मुलं इंग्रजी बोलायलाच घाबरतात. म्हणून आज त्यांच्याशी जरा ओळख करून घेऊ.

या शब्दांना इंग्रजीत 'प्रीपोझिशन' म्हणतात. हा शब्द मूळ लॅटिन भाषेतला. त्याचा सरळ अर्थ 'आधी ठेवलेला'. नामाच्या आधी ठेवलेला शब्द, म्हणून प्रीपोझिशन. आपल्या मराठीत नेमकं उलटं आहे. आपण हेच काम नामाच्या मागे शेपूट लावून करतो. इंग्रजीत 'ऑन द टेबल', तर मराठीत 'टेबलावर'. इंग्रजीत 'फॉर मदर', तर मराठीत 'आईसाठी'. हे शेपूट कधी विभक्तीचा प्रत्यय असतं (ला, ने, शी, त, चा), तर कधी शब्दयोगी अव्यय (वर, खाली, साठी, पासून, पर्यंत). कर्जतला घाट चढायच्या आधी अनेक गाड्यांना मागून जादा इंजिन जोडतात, पाहिलंय ना? इंग्रजीचं इंजिन पुढे आणि आपलं मागे, एवढं समजा.

आता इंग्रजी जरा बाजूला ठेवू. आधी मराठीची परीक्षा! ही दोन वाक्यं वाचा :

आई मला बोलली.
आई माझ्याशी बोलली.

फरक काय? तुम्ही लगेच सांगाल. पहिल्या वाक्यात तुम्ही काहीतरी उद्योग करून ठेवलाय आणि आईने तुमची चांगली खरडपट्टी काढली आहे. दुसऱ्या वाक्यात सगळं आलबेल आहे, मायलेकरांच्या गप्पा चालल्या आहेत. (हल्ली 'तो मला बोलला' हे 'म्हणाला' या अर्थानेही ऐकू येतं. पण घरातल्या आजीला विचारा, ती आधी विचारेल, 'का रे बाबा, काय केलं होतंस तू?') क्रियापद तेच, आई तीच, तुम्हीही तेच. बदललं काय? 'ला'च्या जागी 'शी' आलं. एका अक्षराने भांडणाच्या गप्पा झाल्या!

आणखी एक गंमत बघा. 'मनात आलं', 'मनावर घेतलं', 'मनाला लागलं'. मन एकच. पण मनात आलं म्हणजे सुचलं, मनावर घेतलं म्हणजे नेटाने करायचं ठरवलं, आणि मनाला लागलं म्हणजे वाईट वाटलं. 'हाती लागलं' म्हणजे सापडलं आणि 'हाताला लागलं' म्हणजे हळद लावायची वेळ आली!

आता मला सांगा, हे तुम्हाला कुणी शिकवलं? 'बोलणे या क्रियापदाला ला लावल्यास रागावणे असा अर्थ होतो' असा नियम तुम्ही कधी पाठ केला होता का? नाही ना? तुम्ही ते वाक्य आख्खंच्या आख्खं ऐकलंत आणि आख्खंच उचललंत. ही गोष्ट लक्षात ठेवा. शेवटी तीच उपयोगी पडणार आहे.

आता एक खरी गोष्ट सांगतो. माझी स्वतःचीच आहे आणि सांगताना आजही कान गरम होतात.

मी तेव्हा आठवीत होतो. आमच्या वेळी मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून असायचं. (२००० सालापासून ते महाराष्ट्रात पहिलीपासून सुरू झालं, म्हणजे तुम्ही आमच्या चार वर्षं पुढे आहात!) त्या वर्षी आमच्या वर्गात एक नवी मुलगी आली होती. गावाकडच्या शाळेतून आलेली, अबोल, पण हुशार. एकदा इंग्रजीच्या बाईंनी प्रत्येकाला उभं करून 'काल घरी काय झालं' यावर दोन वाक्यं बोलायला सांगितली. तिची पाळी आली. ती हळू आवाजात म्हणाली,

'यस्टर्डे आय ब्रोक अ पॉट. माय मदर वॉज अँग्री ऑन मी.'

झालं! कुणीतरी खुसखुसलं, कुणीतरी 'ऑन मी, ऑन मी' असं चिडवलं. मी तर मोठ्याने हसलो. कारण 'अँग्री विथ' म्हणायचं असतं हे मला आदल्याच आठवड्यात शिकवणीला कळलं होतं ना! ती मुलगी मटकन खाली बसली.

बाई माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, 'ऊठ. आत्ता तू काय केलंस, ते इंग्रजीत सांग.'

मी ऐटीत उठलो. हसणे म्हणजे 'लाफ'. मी 'तिला' हसलो, आणि 'ला' म्हणजे 'टू'. सोप्पं! 'आय लाफ्ड टू हर.'

'चूक.'

'आय लाफ्ड ऑन हर.'

'चूक.'

मग मला जेवढे येत होते तेवढे सगळे मी लावून पाहिले. 'फॉर' लावला, 'बाय' लावला, घाबरून 'अंडर'सुद्धा लावला. आता अख्खा वर्ग मला हसत होता. हसत नव्हती ती फक्त एकच मुलगी.

बाईंनी खडू घेतला आणि फळ्यावर दोन ओळी लिहिल्या. वर 'लाफ ॲट', खाली 'लाफ विथ'. म्हणाल्या, 'वरच्याचा अर्थ एखाद्याला हसणं. खालच्याचा अर्थ एखाद्याबरोबर हसणं. वरचं काम तुम्ही आज दोनदा केलंत. खालचं जमतं का, ते उद्यापासून बघू.' आणि पुढचा धडा उघडला.

त्यानंतर दिवाळीच्या सुट्टीपर्यंत ती मुलगी इंग्रजीच्या तासाला अवाक्षर बोलली नाही. तिचा एक छोटा शब्द चुकला होता. आमचं त्याहून बरंच मोठं काहीतरी चुकलं होतं.

बरं, पण तिचं नेमकं चुकलं काय? नीट पाहिलंत तर ती वेंधळी नव्हतीच. ती आधी मनात मराठीत म्हणाली, 'आई माझ्यावर रागावली'. 'वर' म्हणजे 'ऑन', हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने प्रामाणिकपणे 'वर'ला उचललं आणि त्या जागी 'ऑन' ठेवलं. चूक कुठे झाली, तर 'वर' म्हणजे नेहमी 'ऑन'च, असं धरून चालण्यात. आता हा 'वर' इंग्रजीत गेला की किती सोंगं घेतो ते बघा :

पुस्तक टेबलावर आहे : 'ऑन द टेबल'. इथे आपला नेहमीचा 'ऑन'.

आई माझ्यावर रागावली : 'अँग्री विथ मी'. इथे 'विथ'.

दादा माझ्यावर ओरडला : 'ही शाउटेड ॲट मी'. इथे 'ॲट'.

माझा तुझ्यावर विश्वास आहे : 'आय बिलीव्ह इन यू'. इथे 'इन'.

नदीवर पूल आहे : 'अ ब्रिज ओव्हर द रिव्हर'. इथे 'ओव्हर'.

माझं आजीवर प्रेम आहे : 'आय लव्ह माय ग्रँडमदर'. इथे तर काहीच नाही!

आणि सगळ्यात गंमत म्हणजे, 'मुलगी अगदी आईवर गेली आहे'. याचं शब्दाला शब्द भाषांतर केलंत, तर बिचारी मुलगी आईच्या अंगावर चालून गेली असं वाटेल. इंग्रजीत म्हणतात, 'शी टेक्स आफ्टर हर मदर'. म्हणजे इथे 'आफ्टर'.

झाडाचंही तसंच. पोपट झाडावर बसला आहे, तर 'इन द ट्री'. का? कारण इंग्रजी माणूस विचार करतो, की पोपट फांद्यांच्या आणि पानांच्या आत आहे. पण आंबा झाडावर लागलेला असतो, तेव्हा मात्र 'ऑन द ट्री'. आणि आपला रायगड? शिवरायांचा राज्याभिषेक ६ जून १६७४ रोजी रायगडावर झाला. किल्ला डोंगरावर, म्हणून आपण 'रायगडावर' म्हणतो. इंग्रजीत मात्र 'ॲट रायगड'. तिथे डोंगराची उंची मनात नसते, घटना घडली ते ठिकाण मनात असतं.

'वर'सारखीच आणखी तीन शेपटं आपल्याला फसवतात. त्यांची नावं : ने, पासून आणि पर्यंत.

'ने' बघा. मी बसने जातो : 'बाय बस'. मी पेनने लिहितो : 'विथ अ पेन'. सिंधुदुर्ग शिवरायांनी बांधला : 'बिल्ट बाय शिवाजी महाराज'. यात एक खूण सापडते. हातात धरायचं हत्यार किंवा वस्तू असेल तर 'विथ', काम करणारा माणूस किंवा प्रवासाचं साधन असेल तर 'बाय'. पण पायी जायचं असेल तर? तेव्हा 'ऑन फूट'. तसं म्हणायची पद्धत आहे म्हणून तसं.

'पासून' त्याहून लबाड. 'मी दोन वर्षांपासून पुण्यात राहतो.' आपण पटकन म्हणतो 'सिन्स टू इयर्स'. चूक! 'फॉर टू इयर्स' हवं. मग 'सिन्स' कधी? कॅलेंडरवर किंवा घड्याळावर बोट ठेवून 'इथपासून' असं दाखवता येत असेल, तेव्हा 'सिन्स' : 'सिन्स मंडे', 'सिन्स टेन ओक्लॉक'. आणि किती काळ ते मोजून सांगायचं असेल, तेव्हा 'फॉर' : 'फॉर टू इयर्स', 'फॉर थ्री डेज'. बोट ठेवलं की 'सिन्स', पट्टी लावली की 'फॉर'!

'पर्यंत' तर कधीकधी नुकसानही करतो. शाळेच्या सूचनाफलकावर दोन कागद लागलेत असं समजा. एकावर लिहिलंय, फॉर्म 'बाय फ्रायडे' आणून द्या. दुसऱ्यावर लिहिलंय, वाचनालय 'टिल फ्रायडे' बंद राहील. मराठीत दोन्हीकडे 'शुक्रवारपर्यंत'. पण 'बाय' म्हणजे फार तर शुक्रवारी, त्याआधी कधीही, एकदा. आणि 'टिल' म्हणजे शुक्रवार येईतो सतत. मित्राला 'वेट बाय फाइव्ह' असं सांगितलंत तर तो गोंधळेल, त्याला 'वेट टिल फाइव्ह' सांगा. औषधांच्या बाबतीत तर फारच जपायला हवं. गोळ्या 'फॉर फाइव्ह डेज' घ्यायच्या म्हणजे सलग पाच दिवस. आणि 'विदिन फाइव्ह डेज' पुन्हा दाखवायला या, म्हणजे पाच दिवसांच्या आत. आजीचं औषध तुम्ही वाचून दाखवत असाल, तर हा शब्द अर्ध्या मार्कापेक्षा पुष्कळ महागाचा आहे.

आता उलट प्रकार. मराठीत शेपूट असतं, पण इंग्रजीत काहीच लागत नाही. आपण एखाद्या गोष्टी'वर' चर्चा करतो, म्हणून 'डिस्कस अबाउट' किंवा 'डिस्कस ऑन' म्हणतो. पण 'डिस्कस द प्लॅन' एवढंच पुरे. आपण स्टेशन'वर' पोचतो, इंग्रजीत 'रीच द स्टेशन'. आपण वर्गा'त' शिरतो, इंग्रजीत 'एंटर द क्लास'. अमक्याचं तमकी'शी' लग्न झालं, म्हणून 'मॅरीड विथ' म्हणायचा मोह होतो. पण 'ही मॅरीड हर' यात काहीच लागत नाही, आणि 'ही इज मॅरीड टू हर' यात 'टू' लागतो. 'विथ' कुठेच नाही! या शब्दांच्या पोटात प्रीपोझिशन आधीच बसलेलं असतं असं समजा. भरल्या पोटी पुन्हा वाढायचं नाही.

'म्हणजे नियम नाहीतच का?' असं तुम्ही विचाराल. आहेत, थोडे आहेत. वेळेचा एक नियम अगदी भरवशाचा आहे. आपला देश स्वतंत्र कधी झाला, ते इंग्रजीत सांगा बरं. 'ॲट मिडनाइट, ऑन फिफ्टीन्थ ऑगस्ट, इन नाइन्टीन फॉर्टी-सेव्हन.' तिन्ही छोटे शब्द एकाच वाक्यात आले! टोकदार क्षणाला 'ॲट', दिवसाला किंवा तारखेला 'ऑन', आणि महिना, वर्ष, शतक अशा मोठ्या पेटीला 'इन'. सुईचं टोक, ताटली आणि पेटी, असं चित्र डोळ्यांपुढे आणा. 'ॲट फाइव्ह ओक्लॉक', 'ऑन मंडे', 'इन जून'. 'इन द मॉर्निंग' म्हणतात, पण सोमवारची सकाळ असेल तर दिवस आला, म्हणून 'ऑन मंडे मॉर्निंग'. आणि रात्रीला मात्र 'ॲट नाइट'. एवढा एक हट्टी अपवाद.

वाहनांचीही एक खूण आहे. ज्यात उभं राहून चालता येतं त्याला 'ऑन', ज्यात वाकून बसावंच लागतं त्याला 'इन'. एस.टी., आगगाडी, विमान, बोट यांना 'ऑन'. मोटार आणि रिक्षा यांना 'इन'. सायकल आणि घोडा यांच्यावर तर आपण चढूनच बसतो, तिथे अर्थातच 'ऑन'.

पण अशा खुणा सगळीकडे पुरत नाहीत. खुद्द इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे, त्यांचंही या शब्दांवर एकमत नाही. शनिवार-रविवारच्या सुट्टीला इंग्लंडमधली माणसं 'ॲट द वीकेंड' म्हणतात, तर अमेरिकेतली 'ऑन द वीकेंड'. 'डिफरंट'पुढे 'फ्रॉम' दोन्हीकडे चालतं, पण इंग्लंडमध्ये 'डिफरंट टू'ही ऐकू येतं आणि अमेरिकेत 'डिफरंट दॅन'ही. आहे की नाही गंमत? तेव्हा आपलं एखादं चुकलं, तर आभाळ कोसळत नाही.

मग करायचं काय? मघाशी म्हटलं होतं ते आठवा. 'माझ्याशी बोलली' हे तुम्ही आख्खं उचललंत. इंग्रजीतही तेच करायचं. शब्द एकटा पाठ करायचा नाही, त्याच्या जोडीदारासकट करायचा. नुसतं 'अफ्रेड' नाही, 'अफ्रेड ऑफ'. नुसतं 'गुड' नाही, 'गुड ॲट मॅथ्स'. आपण गणिता'त' हुशार असतो, म्हणून 'गुड इन' तोंडात येतं, पण जोडीदार आहे 'ॲट'. तसंच 'वेट फॉर', 'लिसन टू', 'डिपेंड ऑन', 'प्राउड ऑफ', 'इंटरेस्टेड इन'. आणि 'प्रिफर'चा जोडीदार चांगलाच फसवा आहे. कॉफी'पेक्षा' चहा आवडतो, म्हणून आपण 'दॅन' लावतो. पण म्हणायचं असतं 'आय प्रिफर टी टू कॉफी'.

हा विचार काही माझा नवा नाही. ए. एस. हॉर्नबी नावाचे एक इंग्रज शिक्षक जपानमध्ये इंग्रजी शिकवायचे. परक्या भाषेतून येणाऱ्या मुलांना शब्दाचा नुसता अर्थ सांगून भागत नाही, तो शब्द वाक्यात कुणाच्या सोबतीने वावरतो हेही सांगावं लागतं, हे त्यांनी ओळखलं. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तसा शब्दकोश तयार केला. तो १९४२ साली टोकियोत निघाला आणि १९४८ साली ऑक्सफर्डने प्रसिद्ध केला. आज जगभर वापरला जाणारा ऑक्सफर्डचा विद्यार्थ्यांसाठीचा मोठा शब्दकोश त्यातूनच वाढला. तुमच्या शाळेच्या वाचनालयात असला तर उघडून बघा. प्रत्येक शब्दाखाली छोटी छोटी वाक्यं दिलेली असतात. अर्थ वाचून कोश मिटू नका, ती वाक्यं वाचा. जोडीदार तिथेच भेटतो.

तुम्हीही एक 'जोड्यांची वही' करा. शंभर पानी पुरे. रोज दोनच जोड्या लिहायच्या, आणि प्रत्येक जोडीवर आपल्या घरातलं एक वाक्य करायचं. पुस्तकातलं नाही, घरातलं. 'माय ब्रदर इज फॉन्ड ऑफ श्रीखंड.' असं वाक्य जन्मात विसरत नाही! दिवसाला दोन म्हणजे वर्षाला सातशेहून जास्त झाल्या. एवढ्या जोड्यांत शाळेचं सगळं इंग्रजी सहज निभावून जाईल.

काही जोड्या मात्र शेजारी शेजारी लिहा, कारण तिथे जोडीदार बदलला की वाक्याची दानतच बदलते. 'थ्रो द बॉल टू मी' म्हणजे मला झेलता येईल असा चेंडू टाक. 'थ्रो द बॉल ॲट मी' म्हणजे मला नेम धरून मार! 'ही शाउटेड टू मी' म्हणजे लांब होता म्हणून मोठ्याने हाक मारली. 'ही शाउटेड ॲट मी' म्हणजे खेकसला. 'मला बोलली' आणि 'माझ्याशी बोलली' यांच्यासारखंच झालं की नाही? 'ॲट' आला की समोरचा माणूस निशाणा होतो.

पालकांसाठी दोन शब्द

आई-बाबांनो, मूल इंग्रजीतून काही सांगत असेल तर मधेच थांबवून 'ऑन नाही, विथ!' असं ओरडू नका. (हे 'ॲट' झालं!) त्याला वाक्य पुरं करू द्या. मग तेच वाक्य आपण बरोबर करून सहज म्हणा. ते म्हणालं, 'आय ॲम गुड इन मॅथ्स', तर तुम्ही म्हणा, 'हो तर, यू आर गुड ॲट मॅथ्स!' चूक कानाआड होते आणि बरोबर रूप कानात राहतं. तुम्ही त्याला मराठी असंच तर शिकवलं होतंत. आणि तुम्हाला इंग्रजी येत नसेल, तर त्यात लाज कसली? मुलाच्या जोड्यांच्या वहीत तुम्हीही रोज दोन जोड्या शिका. मुलाला शिकवायला मिळालं की त्याचंही पक्कं होतं.

आता त्या मुलीचं पुढे काय झालं ते सांगून टाकतो. दिवाळीनंतर एकदा बाईंनी प्रश्न विचारला आणि तिने हात वर केला. सगळा वर्ग चिडीचूप. ती उत्तर देताना म्हणाली, 'वी रीच्ड टू द...' आणि मधेच थांबली. आपलं चुकलं हे तिचं तिलाच कळलं होतं. तिने जीभ चावली आणि खुदकन हसली. मग बाई हसल्या, मग आम्ही सगळे हसलो. आणि तिने वाक्य बरोबर करून पुरं केलं. फळ्यावरच्या त्या दुसऱ्या ओळीचा अर्थ मला त्या दिवशी कळला.

आता तुमची पाळी

गाळलेल्या जागा भरा. घाई नको, आणि डोळे मिटून बोट तर मुळीच नको!

१. माय सिस्टर इज अफ्रेड ____ लिझर्ड्स.
२. वी आर वेटिंग ____ द बस.
३. प्लीज लिसन ____ युवर ग्रँडफादर.
४. अवर स्कूल बिगिन्स ____ इलेव्हन ओक्लॉक ____ मंडे.
५. ही हॅज बीन इल ____ थ्री डेज.
६. रिटर्न माय बुक ____ थर्सडे. (गुरुवारपर्यंत, एक दिवस आधी दिलंत तरी चालेल)
७. लेट अस डिस्कस ____ द पिकनिक.
८. शी थ्रू द बॉल ____ मी अँड आय कॉट इट. (मला झेलता यावा म्हणून टाकला)
९. आय प्रिफर मँगोज ____ ग्रेप्स.
१०. डोन्ट लाफ ____ हर. लाफ ____ हर.

उत्तरं खाली दिली आहेत, पण आधी हाताने झाका पाहू! दहापैकी आठ आली तर शाबास. पाच आली तरी शाबास, कारण उरलेल्या पाच जोड्या वहीत लिहायला मिळाल्या. आणि एकही आली नाही, तर आज घरच्यांना वाचून दाखवा, त्यांनाही किती येतात ते बघा. पण हसायचं झालं, तर सगळे मिळून हसा बरं का!

तुमचा,
इंग्रजीकाका

उत्तरं : १. ऑफ. २. फॉर. ३. टू. ४. ॲट, ऑन. ५. फॉर. ६. बाय. ७. काहीच नाही (फसलात ना?). ८. टू. ९. टू. १०. ॲट, विथ.